‘बॅकग्राउंड’मध्ये काय लिहू?

पत्र

ताई, नमस्कार. मी मालवणचा, दांडीवरचा. वय 24. बारावीनंतर शिक्षण सोडलं. चार सीझन किल्ल्याजवळच्या स्कूबा बोटीवर आहे, पर्यटकांना पाण्याखाली नेतो-आणतो. बाबांची होडी आहे, पण नुसत्या मासळीवर आता घर भागत नाही. दोन वर्षांपूर्वी ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड अशी स्कूबाच्या कोर्सची दोन कार्डं काढली. आता अंदमानातलं एक डाईव्ह सेंटर मला ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहे. त्यांनी ‘बॅकग्राउंड आणि एक्स्पीरियन्स’ म्हणून दहा ओळी मागितल्यात, त्या ते फोटोसकट लावणार. मित्राने इंग्रजीत लिहून दिल्या: लहानपणापासून समुद्राचं प्रचंड वेड, 5000 हून जास्त डाईव्ह, ॲडव्हेंचर हेच जीवन. वाचून मलाच हसू आलं. खरं लिहायला बसलो तर लिहिण्यासारखं काही सापडत नाही. मच्छीमाराचा मुलगा, इंग्रजी कच्चं, एवढंच. काय लिहू? दुसरं म्हणजे, बाबा म्हणतात होडी विकूया, तू थेट इन्स्ट्रक्टर हो. होऊ का? (सकाळी पहिल्या डाईव्हला उजवा कान पटकन सुटत नाही, म्हणजे आतला दाब जुळत नाही. तेवढं सोडलं तर तब्येत ठणठणीत.)

उत्तर

‘तेवढं सोडलं तर’ म्हणून तू जे कंसात ढकललंस, त्याच्याकडे मी शेवटी येते. लक्षात ठेवलंय.

आधी त्या दहा ओळी. तुझ्या मित्राने लिहिलं तसं मीही एकदा लिहिलं होतं. मी पुण्याच्या एका ऑफिसात हिशेब लिहायचे. पोहायला शिकले सत्ताविसाव्या वर्षी, टिळक टँकवर, सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून. इन्स्ट्रक्टर झाल्यावर माझ्या पहिल्या सेंटरने अशाच ओळी मागितल्या, तर मी काय लिहावं? ‘समुद्राच्या कुशीत वाढलेली.’ सदाशिव पेठेतून! वर्षभर त्या ओळी माझ्या फोटोखाली होत्या आणि रत्नागिरीचे एक आजोबा मला विचारून गेले, “बाय, तुमचं गाव कुठचं?” तेव्हापासून मी खरं लिहिते.

आता तुझा 5000 चा आकडा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. गर्दीच्या दिवसांत सकाळपासून आठ-दहा पर्यटक खाली-वर केले आणि असे चार सीझन गेले, की तेवढ्या बुड्या होतात. पण त्यातली एक बुडी म्हणजे किती? किल्ल्याजवळचं पाणी तुला माहीत आहे. चार-पाच मीटर, दहा-बारा मिनिटं, त्यातली तीन व्हिडिओसाठी. पाडी या डायव्हिंगचे कोर्स चालवणाऱ्या संस्थेच्या नियमात ट्रेनिंगची डाईव्ह धरायची, तर बहुतेक वेळ 5 मीटर किंवा त्याखाली जावा लागतो, आणि पाण्याखाली निदान 20 मिनिटं तरी राहावं लागतं, नाहीतर टाकीतली 1400 लिटर हवा तरी वापरावी लागते. या मापाने तुझ्या बोटीवरच्या बहुतेक बुड्या गळतात. अंदमानातला माणूस हे वाचेल, मग तुला बोटीवर बसवून विचारेल, “लॉगबुक दाखव.” काय दाखवशील?

लॉगबुक, म्हणजे प्रत्येक डाईव्हची नोंदवही, तू भरलंच नसशील, मला माहीत आहे. मालवणातली बहुतेक मुलं भरत नाहीत, आणि तुम्हाला कोणी तसं सांगितलेलंही नसतं. म्हणून आज रात्री बस. दोन कोर्सच्या डाईव्ह, सुट्टीच्या दिवशी दोस्तांबरोबर खडकापलीकडे मारलेल्या, कोणाचा नांगर अडकला म्हणून उतरलास त्या, अशा आठवून काढ. फोनमधल्या फोटोंवर तारखा असतात, त्यांचा आधार घे. चाळीस निघाल्या तर चाळीस लिही. चाळीस खऱ्या डाईव्ह असलेला मुलगा मला चालेल. पाच हजारवाल्याबरोबर मी माझ्या विद्यार्थ्याला पाण्यात पाठवणार नाही, कारण जो लॉगबुकात फुगवतो तो टाकीचा काटा वाचतानाही फुगवतो की काय, अशी शंका मनात राहते.

पण त्या पाच हजार उथळ बुड्या फुकट गेल्या असंही समजू नकोस. इथे जरा थांबते, कारण हे तुला कोणी समजावलं नसेल आणि इन्स्ट्रक्टरच्या लेखी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

10 मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. 20 मीटरला तिप्पट, 30 ला चौपट. समज, 30 मीटरवर एक फुगा भरलास आणि 20 पर्यंत आणलास. तो साधारण सव्वापटीहून थोडा जास्त फुगेल. 20 वरून 10 वर आणलास तर दीडपट. आणि 10 वरून वर आणलास तर सरळ दुप्पट. माणसाची छाती म्हणजे तोच फुगा, फक्त त्याला तोंड आहे. तोंड उघडं असलं, श्वास चालू असला, तर वाढलेली हवा निघून जाते. घाबरून श्वास धरला आणि तसाच वर सुटला, तर दीड मीटरसुद्धा फुप्फुसाला इजा व्हायला पुरतं. लोकांना वाटतं, खोल पाणी धोक्याचं आणि उथळ पाणी पोरखेळ. हवेची सगळ्यात मोठी उलथापालथ त्या शेवटच्या दहा मीटरमध्येच होते, आणि तू चार वर्षं तिथेच काम केलंस. कधीच पाण्यात न उतरलेल्या, सकाळी मिसळ खाऊन आलेल्या, अर्धवट घाबरलेल्या माणसांना घेऊन. हे काम काय असतं ते 30 मीटरवर फोटो काढत फिरणाऱ्या हौशी डायव्हरला ठाऊक नसतं.

माझी एक गोष्ट सांगते. इन्स्ट्रक्टर होऊन मला दुसरा महिना होता, अंदमानातच. चार विद्यार्थी होते, त्यात पन्नाशीचे एक गृहस्थ. पोहण्याच्या तलावात सगळं व्यवस्थित करून दाखवलेलं. मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढणं, रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणं, सगळं पहिल्या फटक्यात. पहिल्या समुद्री डाईव्हला सात मीटरवर गुडघे टेकून बसलो. मी एकेकाला विचारतेय, ठीक? त्यांनी अंगठा-तर्जनीचं कडं करून दाखवलं, ठीक. मी पुढच्याकडे वळले. वळते न वळते तोच ते वर सुटले. मी जॅकेटचा पट्टा पकडला, दोघं मिळून वर चाललो, आणि मी त्यांच्या तोंडासमोर फुंकर मारल्यासारखे हातवारे करतेय, सोडा, श्वास सोडा. त्यांनी सोडला. वर आलो तेव्हा मास्कमध्ये नाकातून आलेलं थोडं रक्त होतं, बाकी निभावलं. बोटीवर आल्यावर आमचा बोटवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, तो माणूस जेट्टीपासून बाकाची कड सोडत नव्हता. तुम्ही बघितलं नाही?”

मी खरंच बघितलं नव्हतं. मी टाक्या मोजत होते, वेट बेल्ट तपासत होते. मला दीडशेच्या वर डाईव्ह होत्या, परीक्षेत चांगले मार्क होते. त्या बोटवाल्याने आयुष्यात एकदाही टाकी पाठीला लावली नव्हती. पण कोणता माणूस बोटीत कसा बसतो, हे तो वीस वर्षं बघत आलेला.

हे तू बघतोस. बघतोसच. कोण जास्त बोलायला लागलं, कोण एकदम गप्प झालं, कोणता नवरा बायकोला ‘काही होत नाही गं’ म्हणताना स्वतः पांढरा पडलाय. पुण्या-मुंबईची माणसं पाण्याखाली मजा येतेय म्हणून अंगठा वर करतात आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ ‘वर चला’, हे तू दिवसातून दोनदा तरी झेलत असशील. तुझ्या दहा ओळींमध्ये हे यायला हवं. ‘चार सीझन प्रथमच पाण्यात उतरणाऱ्यांबरोबर काम.’ सेंटरच्या मालकाला या एका ओळीचा अर्थ लगेच कळेल.

आणि मच्छीमाराचा मुलगा. तू ते ‘एवढंच’ म्हणून लिहिलंस. उलट काही जणं हल्ली ते मिरवायलाही लागलीत, कोळ्याची टोपी घालून फोटो वगैरे. दोन्ही नको. त्यातून तुला नेमकं काय येतं, ते लिही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी ओढतं, गाळ बसतो, खालचं साफ दिसतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा किल्ल्याच्या कोणत्या अंगाला सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी कसं खेचतं हे तुला बाबांनी होडीत बसवून दाखवलंय. आम्ही हे भरतीच्या तक्त्यावरून शिकलो, आणि तक्ता बघूनही चुकलो. अंदमानातले प्रवाह वेगळे आहेत, तिथली खाच-खळगी तुला नव्याने शिकावी लागेल. पण चंद्र तोच आहे. शिवाय “आज वारो बरो नाय” म्हणून होडी न काढता घरी बसणारा बाप ज्याने बघितलाय, त्याला डाईव्ह रद्द करायला लाज वाटत नाही. आमच्या धंद्यात ती लाज फार महागात पडते. पैसे भरलेले गेस्ट समोर उभे असतात, मालक बघत असतो.

आता जरा कान उपटते. बोटीवरच्या कामाने तुला काही सवयी लागल्या असतील, त्या तिथे चालायच्या नाहीत. मालवणात आपण पर्यटकाच्या टाकीचा वॉल्व्ह मागून धरतो आणि त्याला हातगाडीसारखं ढकलत फिरवतो. तो निवांत, आपण निवांत. दहा मिनिटांसाठी ते ठीकही आहे. पण शिकवताना हात सोडावा लागतो. विद्यार्थी तिरका होईल, वर तरंगेल, वाळू उडवेल, आणि तू हातभर अंतरावर थांबून बघत राहशील, कधी धरायचं आणि कधी नाही ते ठरवत. पहिले काही महिने हात शिवशिवतील बघ. ओपन वॉटरच्या कोर्सला एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी घेता येतात, आठांचे वॉल्व्ह कसे धरणार? (मी स्वतः चाराच्या वर घेत नाही. नियम म्हणजे छत, छताला डोकं लावूनच चाललं पाहिजे असं नाही.)

व्हिडिओसाठी माशांना पाव चारणं, प्रवाळावर हात टेकणं, हेही तिथे जाताना मागे ठेवून जा. ट्रेनीला त्यावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

होडीचं म्हणशील तर, विकू नका. बाबांना माझा निरोप सांग. ‘थेट इन्स्ट्रक्टर’ असं काही नसतं, जो कोणी तसं सांगून पैसे मागेल त्याच्यापासून लांब राहा. तुझं ॲडव्हान्स्ड झालंय. त्यानंतर रेस्क्यू डायव्हर, ते तू पत्रात लिहिलेलं नाहीस म्हणजे राहिलंय. मग डाईव्हमास्टर, म्हणजे डाईव्हवर नेणारा गाईड, त्याला सुरुवातीला 40 डाईव्ह लागतात आणि संपेपर्यंत 60. इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसताना 100, आणि त्यात रात्रीची, खोल आणि होकायंत्रावरची अशी सगळ्या प्रकारची हवी. पहिलं कार्ड मिळून सहा महिने झालेले लागतात, तो तुझा प्रश्न नाही. सगळा खर्च धरला तर लाखांत जातो. वर दरवर्षी संस्थेचं नूतनीकरण आणि विमा वेगळा. म्हणून आधी रेस्क्यू आणि डाईव्हमास्टर कर, ट्रेनी म्हणून काम करत कर, कागदावर लिहून घे की कोर्सची फी कामातून वळती होणार की नाही, राहायला-जेवायला कोण देणार, टाक्या भरण्याशिवाय दिवसातून किती वेळ पाण्यात मिळणार. बोलीवर जाऊ नकोस. मी बोलीवर गेले होते, आणि पहिले पाच आठवडे नुसते वेटसूट धुतले.

एक सीझन डाईव्हमास्टर म्हणून काढल्यावर तुला शिकवायला आवडतं की नाही हे कळेल. काहींना आवडत नाही. उत्तम डायव्हर असतात, पण चौथ्यांदा तीच चूक करणाऱ्या माणसावर पाण्याखालीसुद्धा डाफरतात. त्यांनी गाईड म्हणून मजेत राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

इंग्रजीची भीती तुला वाटते त्यापेक्षा कमी बाळग. परीक्षेचं इंग्रजी हजारभर शब्दांचं आहे. दाब, घनफळ, नायट्रोजन, प्रथमोपचार. पाच विषय, प्रत्येकी बारा प्रश्न, पाऊणशे टक्के मिळाले की पास. फुग्याचं गणित वर तुला समजलं असेल तर भौतिकशास्त्राचा मोठा तुकडा झालाच. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा पुस्तक घेऊन बस, तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था तुझ्या घराजवळच आहे, तिथे जाऊन विचार. आणि बोलण्याचं म्हणशील तर अंदमानात मराठी गेस्ट भरपूर येतात. मुलुंडच्या मावशींना सात मीटरवर जाण्याआधी “मावशी, मी हात सोडत नाही हां” असं मराठीतून कोणी म्हटलं, तर त्यांचा श्वास खाली बसतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय. सेंटरला हे कळू दे.

पोहण्याची मात्र सवय कर. डाईव्हमास्टरला 400 मीटर न थांबता, काही न लावता पोहावं लागतं. वेळेवर गुण असतात. समुद्राकाठची मुलं पोहतात झकास, पण मान वर काढून, कुत्र्यासारखी. दमून जाल रे. महिनाभर सकाळी तोंड पाण्यात घालून पोह.

तर त्या दहा ओळी. मी दहा लिहीत नाही, पाचच पुरतील. इंग्रजी तुझ्या मित्राकडून करून घे, पण भर घालू देऊ नकोस:

‘मालवणचा. घर मासेमारीचं, वारा आणि भरती-सुकती वडिलांकडून शिकलो. चार सीझन प्रथमच स्कूबा करणाऱ्या पर्यटकांना उथळ पाण्यात नेण्याचं काम केलं. ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर, लॉग केलेल्या डाईव्ह इतक्या. मराठी, मालवणी, हिंदी बोलतो, इंग्रजी शिकतोय.’

‘इतक्या’च्या जागी आजचा खरा आकडा. फोटोत तो भल्यामोठ्या शार्कबरोबरचा लावणार असशील तर लावू नकोस, किल्ल्याजवळ तो कुठून आला असं मीच विचारेन. बोटीवर टाकी उचलतानाचा लाव.

आता कान. पहिल्या डाईव्हला सुटत नाही म्हणतोस, नंतर सुटतो. म्हणजे रोज सकाळी तू जोर लावून उतरतोस, कारण गेस्ट उतरत असतो आणि तुला थांबता येत नाही. वर दिवसातून आठ-दहा वेळा खाली-वर. बोटीवरची मुलं काय करतात हेही मला ठाऊक आहे, सर्दीची गोळी घेतात आणि जातात. गोळीचा असर खालीच उतरला, तर वर येताना कान-सायनसमधली हवा कोंडते, आणि ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट. डाईव्हमास्टरच्या कोर्सला डॉक्टरांची सही लागते. ‘काही त्रास नाही’वर टिक मारून ती मिळतेही. तू मारू नकोस. जाण्याआधी कान-नाक-घसावाल्यांना दाखव, आणि पाण्याखाली काम करतो हे त्यांना आधी सांग, नाहीतर ते नुसते थेंब देतील. चार आठवडे पाण्यात जाऊ नको म्हणाले तर जाऊ नकोस. सेंटरला तसं कळव, महिना उशिरा येतो म्हणून. जे महिनाभर थांबायला तयार नाहीत, त्यांच्याकडे जाऊ नकोस.

आणि निघायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोटीवर राबून रात्री मोपाचं विमान गाठायचं, असं करू नकोस. दिवसभर खाली-वर केल्यावर विमानात बसायच्या आधी निदान 18 तास जाऊ द्यावेत. शेवटचा दिवस बाबांबरोबर होडीवर काढ.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

— ताई